बरणीवरची टिकली

सहा वर्षं दारूच्या थेंबाला न शिवलेल्या माणसाने एक दिवस घरात वाईन करायला घ्यावी, आणि त्याच्या बायकोने त्यासाठी मांडी घालून द्राक्षांची देठं खुडत बसावं, याला संसार म्हणायचं की वेडेपणा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तो माणूस म्हणजे आमचे हे. आणि देठं खुडताना जिचा जीव सारखा खालीवर होत होता ती मी.

आधी द्राक्षं कुठून आली ते सांगते. आम्ही भाईंदर पूर्वेला जेसल पार्कात राहतो, तिसऱ्या मजल्यावर. बाल्कनीत तुळस, कोरफड आणि कधीही न फुलणारा एक मोगरा, एवढीच आमची शेती. ह्यांचा कारखाना बंद पडला आणि त्याच वर्षी ह्यांची दारू सुटली. कारखाना आपोआप बंद पडला. दारू मात्र ह्यांनी सोडली. दर आठवड्याला दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला जाऊन, थरथरत्या हातांनी, एकेक दिवस मोजत. ते श्रेय मी कधी नाकारलं नाही. पण दारू गेली आणि हात रिकामे राहिले. दिवसभर घरात बसून ह्यांनी मिक्सर उघडावा, पंखा उघडावा, चांगला चालणारा नळ दुरुस्त करून बंद पाडावा. मी एका शाळेच्या ऑफिसात काम करते. संध्याकाळी घरी आले की चपला काढायच्या आत विचारायचे, "आज काय मोडलं?"

उत्तनजवळच्या तारोडीची एक मावशी वीस वर्षं आमच्या बिल्डिंगमध्ये मासळी घेऊन येते. एकदा आमच्या दारात बसून बांगडे साफ करता करता तिने ह्यांचे हात बघितले. शर्टाचं बटण सारखं लावत होते आणि काढत होते.

"भाऊ," ती म्हणाली, "आमची डोंगराला जागा पडून हाय. माझ्याच्यानं आता चढवत न्हाय. काय लावायचं तं लाव."

डोंगर म्हणजे काही फार मोठा नव्हे. मावशीच्या घरामागून वर चढलं की दगडी बांध घातलेल्या तीन पट्ट्या आहेत. सगळ्यात वरच्या पट्टीवरून समुद्र दिसतो. शहाण्या माणसाने तिथे भेंडी लावली असती, वांगी लावली असती. ह्यांनी द्राक्षं लावली. नाशिककडे ह्यांच्या मामांची बाग आहे. लहानपणी सुट्टीत हे तिथे छाटणीला असायचे. मामा एका कोपऱ्यातल्या वाईनच्या जातीच्या वेली काढून टाकणार होते, त्यातल्या मुळं फुटलेल्या बारा काड्या हे ओल्या बारदानात गुंडाळून घेऊन आले.

"वाईनची जात?" मी एवढंच विचारलं.

"द्राक्षं ती द्राक्षं," हे म्हणाले.

मला पुढचं बरंच विचारायचं होतं. पण हात कामाला लागले होते आणि मिक्सर शाबूत राहत होता, म्हणून गप्प बसले.

बारातल्या नऊ जगल्या. ह्यांनी लोखंडी अँगल रोवले, तारा ओढल्या, मावशीकडच्या जुन्या दोरांनी वेली बांधून घेतल्या. मोरचूद आणि चुना कालवून फवारायचे, त्यामुळे ह्यांचे सगळे शर्ट निळसर झाले. खत म्हणून वाळल्या मासळीचा कुटा. घरी आले की अंगाला असा वास यायचा की मी दारातच बादली ठेवत असे. पण तो वास मासळीचा होता, दुसरा कसला नव्हता, म्हणून मला चालायचा. दार उघडल्यावर मी आधी वास घ्यायचे, हे कबूल करते. सहा वर्षांत एक दिवसही चुकवला नव्हता. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

दुसऱ्या वर्षी ह्यांनी दसऱ्याला छाटणी केली, मामा करतात म्हणून. मावशी खालून ओरडून सांगत होती, "भाऊ, वारा अजून फिरला न्हाय!" पहाटेचा वारा डोंगराकडून समुद्राकडे वाहायला लागल्याशिवाय पाऊस गेला म्हणायचं नाही, असा तिच्या घरचा हिशोब. तिच्या घरच्या होड्या त्यावर चालतात. ह्यांना मात्र मामा मोठे. वीस दिवसांत पाऊस परत आला, कोवळ्या पानांवर बुरशी चढली, आणि बोटभर झालेले घड कुजून गळले. त्या संध्याकाळी हे तासभर उशिरा आले. तेवढ्या वेळात मी तीनदा जिना उतरून गेटपर्यंत जाऊन आले. तिसऱ्यांदा गेले तर हे समोरून येत होते, हातात कोथिंबिरीची जुडी. मी जुडी घेतली आणि जवळून जाताना वास घेतला.

तिसऱ्या वर्षी ह्यांनी वारा फिरायची वाट पाहिली, मगच छाटणी केली, आणि मार्चमध्ये द्राक्षं आली. मावशीचं फाटकं जाळं वेलींवर अंथरून बुलबुलांपासून राखली. पूर्ण पिकू द्यावीत तर तडकत होती, म्हणून जरा आधीच काढली. काळी, बारकी, जाड सालीची, आणि आंबट! मी बिल्डिंगमध्ये वाटायला निघाले, तर समोरच्या गुजराती वहिनी एक मणी तोंडात टाकून म्हणाल्या, "भाभी, बुरा मत मानना, पर इसमें तो बीज ही बीज है।" त्या कोल्ह्याला उगाच नावं ठेवतात. त्याला कुणीतरी आमच्या डोंगरावरची द्राक्षं दिली असणार.

रविवारी मावशी आली. परातीतली द्राक्षं बघून हसली.

"ही खायची न्हाय गो ताई. हिची वाईन व्हते. आमच्या शेजारची नाताळला करतात, मी बारकी व्हती तवापासून बघते. करून दावू?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे परातीकडे बघत होते.

"करूया," हे म्हणाले.

मावशी गेल्यावर मी दार लावलं आणि जे तोंडात येईल ते बोलले. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात त्या याच, असंही म्हणाले. हे ऐकून घेत होते. मग म्हणाले, "सहा वर्षं पळतोय मी तिच्यापासून. लग्नाला जायचं नाही, पार्टीला जायचं नाही, त्या दुकानावरून जायचं नाही. एकदा मला तिच्या शेजारी बसून बघायचंय. मी पिणार नाही. चाखणारही नाही. चाखायला मावशी आहे."

पुण्याला मुलीला फोन केला. ती म्हणाली, "आई, तुम्ही दोघं शुद्धीवर आहात ना?" मी म्हटलं, मी आहे, तुझ्या बाबांचं कळेल लवकरच. ती हसली नाही. तिने ते दिवस पाहिलेत. दहावीच्या परीक्षेच्या दिवशी तिला सेंटरवर सोडायला ह्यांच्याऐवजी शेजारचे काका गेले होते, कारण हे जिन्यात पडलेले होते. हे परत प्यायला लागले असते तर या वेळी मी घर सोडून तिच्याकडे गेले असते. ते आमचं तिघांचं ठरलेलं होतं. तसं बोलून दाखवत कुणी नव्हतं, पण बरणी घरात आली त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं.

तर अशी ती देठं खुडली. हातांनी मणी कुस्करले, हे मावशीनेच सांगितलेलं. साखर, थोडं यीस्ट, आणि सगळं मोठ्या काचेच्या बरणीत. झाकण घट्ट लावायचं नाही, नाहीतर फुटेल. म्हणून तोंडाला पांढऱ्या फडक्याचा दादरा बांधला, आणि बरणी ओट्याखाली अंधारात ठेवली. दुसऱ्या दिवशी ती बोलायला लागली. बुडबुड, बुडबुड. सालं फुगून वर आली, जांभळा फेस आला, आणि सगळ्या घरभर तो वास. फळाचा होता, गोडसर होता, पण खाली कुठेतरी तो जुना वास होताच. पोळ्या लाटताना माझं लाटणं थांबायचं. हे सकाळ-संध्याकाळ लाकडी डावाने वर आलेली सालं खाली दाबायचे, डाव धुवायचे, हात धुवायचे. मी पाठमोरी उभी राहून मोजायचे, किती वेळ लागतोय.

तिसऱ्या दिवशी मी बरणीला टिकली लावली.

टिकलीची गोष्ट जुनी आहे. ह्यांच्या पिण्याच्या वर्षांत बाटली गव्हाच्या डब्यामागे असायची. मी कामावर जाताना दारू जिथवर असेल तिथे बाहेरून कपाळावरची टिकली लावून जायचे. संध्याकाळी बघायचं. टिकली आणि दारू जुळली की मी त्या दिवशी भांडायचे नाही. बाटली अर्धी झालेली मला दिसत नव्हती असं नाही. टिकली कधी कधी जरा वाकडी बसलेली असायची, तेही दिसायचं. पण जुळत होती, आणि मला जुळायलाच हवं होतं.

आता सहा वर्षांनी परत तेच. ओट्याखाली वाकून, सालांच्या वरच्या कडेला नेमकी टिकली लावली, आणि शाळेत गेले. दर तासाला काहीतरी निमित्त काढून घरी फोन. गॅस बंद आहे ना? पाणी आलं का? ह्यांनी पाचव्या फोनला विचारलं, "तू ठीक आहेस ना?" मी म्हटलं, मला काय धाड भरलीय! पण मुलांचे दाखले लिहिताना एका पोराच्या जन्मतारखेच्या जागी मी त्याच्या बापाचं नाव लिहिलं. चार दिवस टिकली जुळत राहिली. मला वाटलं, आपण उगाच.

शनिवारी शाळा अर्धा दिवस. दुपारी घरी आले, पर्स खुर्चीवर टाकली आणि आधी ओट्याखाली वाकले. टिकली वर होती. सालं खाली. मध्ये तीन बोटं जागा.

हे आतून टॉवेलने तोंड पुसत आले. टॉवेलने तोंड पुसत! मला एवढं पुरलं.

"प्यायलास तू," मी म्हणाले.

आमच्याकडे मी ह्यांना अहोजाहो करते. जुन्या दिवसांत ज्या रात्री अगदी हद्द व्हायची त्याच रात्री अहो सुटायचं. सहा वर्षं ते सुटलं नव्हतं. ह्यांनी टॉवेल खाली घेतला. माझ्याकडे बघितलं, मग ओट्याखाली बघितलं. टिकली ह्यांना दिसली. खुंटीवरची पिशवी घेतली, त्यात छाटणीची कात्री टाकली, आणि गेले. दारसुद्धा आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

पहिली दहा मिनिटं मी रागात होते. पुढची दहा मिनिटं स्वयंपाकघर आवरलं, आवरलेलंच परत आवरलं. मग फोन लावला. बंद. प्यायले नसतील तर? प्यायले नसतील आणि मी म्हटलं म्हणून आता पितील तर? सहा वर्षं ज्या माणसाने एकेक दिवस मोजला त्याला मी एका वाक्यात शून्यावर आणून ठेवलं होतं. मी पर्स उचलली आणि निघाले.

स्टेशनखालून पश्चिमेला गेले, उत्तनची बस पकडली. खिडकीत बसले आणि रस्त्यात जेवढी दारूची दुकानं आणि बार लागले त्या प्रत्येकाच्या दारात निळसर शर्ट शोधत राहिले. तुम्हाला सांगते, निळा शर्ट न घालणारा पुरुष या गावात नाही. बस एका वळणावर ट्रकमागे अडकली तेव्हा मी कंडक्टरवर उगाच डाफरले. तो म्हणाला, "आंटी, मैं उडाऊँ क्या बस को?"

तारोडीला उतरले तेव्हा मावशी अंगणात बोंबील वाळत घालत होती. "भाऊ वरती हाय," एवढंच म्हणाली. मी न थांबता चढले. हे वरच्या पट्टीवर होते. एप्रिलची छाटणी चालली होती. फळ निघालं की वेल पार खरडून काढतात, सगळ्या काड्या जातात आणि उघडे ओंडके तेवढे राहतात. ह्यांच्या पायाशी काड्यांचा ढीग पडला होता. मी धापा टाकत जवळ गेले, अगदी जवळ. बोलायला नाही. वास घ्यायला.

ह्यांना कळलं. ह्यांनी कात्री खाली ठेवली, माझ्या तोंडासमोर तोंड आणलं आणि सोडला श्वास. "हा." जुन्या दिवसांत मी करायला लावायचे तसा. ह्यांनी दुपारी कांदा खाल्ला होता. दुसरं काही नव्हतं.

मी तिथेच बांधावर बसले.

"तेव्हा मी टिकली खाली सरकवायचो," हे म्हणाले. "रोज. नखाने अलगद काढून जेवढी प्यायलो तेवढी खाली लावायची. तुला माहीत नव्हतं?"

मी बांधावरचं गवत उपटत राहिले.

"आज प्यायलो असतो तर टिकली जुळली असती गं. जुळली नाही, तेवढ्यावरून तरी ओळखायचंस."

समोर समुद्र होता, खाली मावशीचे बोंबील. मला माझी एवढी लाज वाटली की मान वर करवेना. पण खरं सांगायचं तर लाजेच्या खाली अजून एक विचार वळवळत होता: मग ती तीन बोटं गेली कुठे? सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि तो फक्त दारुड्यांच्याच अंगात असतो असं नाही.

ते मावशीने सोडवलं. चहा घेऊन वर आली. चढवत न्हाय म्हणणारी बाई, माझं तोंड बघून चढली असणार. तिला विचारलं तर कपाळावर हात मारून घेतला. "अगो ताई, सालं वर येतान ती उकळीनं. उकळी निवली की खाली बसायची. भात चढतो नि बसतो, तसं. आता गाळा ती."

भातासारखं. तीस वर्षं भात शिजवतेय मी.

रविवारी आम्ही दोघांनी ती जुन्या मलमलीतून गाळली. नंतर लहान बरण्यांत भरून ठेवली, दर पंधरा दिवसांनी वरची निवळ काढून खालचा गाळ फेकला. मावशी येऊन चमचाभर चाखायची आणि "थांब अजून" म्हणून जायची. त्या काळात मी टिकली लावली नाही. झोप लागत नव्हती ती नव्हतीच. पण ओट्याखाली वाकले नाही. वाकावंसं रोज वाटलं.

अडीच महिन्यांनी बाटल्या भरल्या, सरबताच्या. दारूची रिकामी बाटलीसुद्धा घरात यायची नाही हा माझा नियम. आठ भरल्या. त्या दिवशी मावशी आली नव्हती, तिच्या नातीची हळद होती.

"आज तू चाख," हे म्हणाले.

मी आयुष्यात कधी तोंडाला लावली नव्हती. स्टीलच्या वाटीत चमचाभर घेतली. आधी आंबट, मग जीभ आक्रसणारं तुरट, आणि घशाखाली उतरताना हलकी ऊब. मागे द्राक्षाचा वास राहिला. चांगली झाली होती. मला वाटलं, वाईट झाली असती तर किती बरं झालं असतं! ओतून टाकली असती, सुटलो असतो. हे माझ्या तोंडाकडे बघत होते. "फुकट गेली" हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. पण त्या वेली ह्यांनी तीन वर्षं राखल्या होत्या, आणि केलेल्या वस्तूची चव ह्यांना कधीच कळणार नव्हती. ती सांगणारं माणूस मी एकटीच.

"चांगली झालीय," मी म्हणाले. "खरंच चांगली झालीय."

ह्यांनी एकदम तोंड फिरवलं आणि बाटल्यांची बुचं परत घट्ट करायला लागले. घट्टच होती ती.

पाच मावशीला द्यायच्या ठरल्या, दोन नाशिकला मामांना. उरली एक. "ही राहू दे घरात," हे म्हणाले. मी हो म्हटलं. फडताळात डाळींच्या डब्यांशेजारी ती सगळ्यांना दिसेल अशी ठेवली, कशाच्याही मागे नाही, आणि मोठ्या मनाने तिच्याकडे पाठ करून भांडी घासायला लागले.

"विसरलीस," हे मागून म्हणाले.

"काय?"

ह्यांनी माझ्या कपाळाकडे बोट दाखवलं.

"काहीतरीच! मी आता नाही लावणार. माझा विश्वास आहे."

"तुझा असेल," हे म्हणाले. "माझा माझ्यावर नाहीये अजून. तू बघतेयस एवढं मला कळलं की बरं पडतं. लाव."

मी हात पुसले. डोळ्यांना पाणी आलं होतं, ते पुसलं नाही. कपाळावरची टिकली काढली आणि वाईन जिथवर होती तिथे बाटलीवर दाबून लावली. हात ओले होते, म्हणून जरा वाकडी बसली.

ह्यांनी बघितलं. पण तिला हात लावला नाही.